तोंडाचं माप

शिवणमावशींचं वाक्य अजून अर्ध्यावर होतं, तेवढ्यात छकूनं मान वळवली आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

तशी गोष्ट काहीच नव्हती. शाळेचे बारा कोट शनिवारपर्यंत द्यायचे होते आणि त्यांची बटणं कोणी लावायची एवढाच प्रश्न होता. पण मावशींच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. छकूला ऐकू येत नाही, नवव्या वर्षापासून येत नाही. ती ओठ वाचते. तिनं मान वळवणं म्हणजे आपण कानांत बोटं घालण्यासारखं. भांडणात ती ऐकायचं नाकारते, नाही असं नाही, पण त्याची तिची रीत ठरलेली आहे. घट्ट डोळे मिटायचे, नाकपुड्या फुगवायच्या आणि ‘बोला आता काय बोलायचं ते’ अशा थाटात बसून राहायचं. आज डोळे मिटले नव्हते. न कळणारं पुस्तक मिटून बाजूला ठेवावं, तसं तिनं नुसतं बघणं सोडून दिलं होतं.

मावशींनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "काय गं? कळलं नाही?"

"कळलं की," छकू म्हणाली. तिचा आवाज नेहमीच एक पट्टी वर असायचा. "बटणं."

"बटणांचं काय?"

"लावायची."

"कोणी?"

छकू गोड हसली. वाण्याच्या दुकानात, पोस्टाच्या खिडकीशी, समोरच्याचं बोलणं कळलं नाही की ती असंच हसायची. परक्यांसाठी ठेवलेलं हसू होतं ते. मावशी तिची सख्खी ताई, त्यांच्यासमोर ते काढायची वेळ तिच्यावर साठ वर्षांत आली नव्हती.

मावशींनी सुईत नवा दोरा ओवला आणि बारा कोटांची बटणं एकटीनं लावायला घेतली. डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं.

छकूला ताप आला तेव्हा मावशी चौदा वर्षांच्या होत्या. ताप अकराव्या दिवशी उतरला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. आई पदराला डोळे पुसत बसायची. वडील कागदाच्या चिठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘जेव’, ‘झोप’, ‘घाबरू नको’. छकू त्या चिठ्ठ्या उशीखाली ठेवायची आणि कोणाशी बोलायची नाही. शेवटी मावशींनीच एक दिवस तिला दंडाला धरून कपाटाच्या आरशासमोर बसवलं, शेजारी आपण बसल्या आणि म्हणाल्या, "बघ." एकच शब्द पन्नास वेळा. मग दुसरा. छकूचा हात आपल्या गळ्यावर ठेवून, आवाज कुठून निघतो ते दाखवून. कपाटाला कापराचा वास यायचा, बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या, आणि या दोघी आरशात तोंडं वेडीवाकडी करत बसायच्या. पावसाळा, हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. मग एके दुपारी मावशी आरशाकडे न बघता, सहज, भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आज तुझी पाळी आहे हं," आणि छकू पलंगावरून ओरडली, "काल मीच घासली होती!" आई दारात उभी होती. ती खाली बसली आणि हसत सुटली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. पुढे छकूनं मुलांचे कपडे भरतकामानं सजवले, मावशींनी संसार केला, नवरा गेला, मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला लागला, आणि दोघी बहिणी पुन्हा एका खोलीत आल्या. मधे पायमशीन, भोवती कापडाचे गठ्ठे. बोलणं अखंड.

ते बोलणं आता बंद पडत होतं, आणि कशामुळे ते मावशींना पक्कं ठाऊक होतं. कवळीमुळे.

अकरा वर्षांपूर्वी बसवली तेव्हा ती अशी चपखल होती की मावशी जीभ फिरवून फिरवून तिचं कौतुक करायच्या. चार-पाच वर्षं गुण्यागोविंदानं गेली. मग उजवीकडे टोचायला लागलं. दुसरी कोणी डॉक्टरकडे गेली असती, पण मावशींची हयात दुसऱ्यांच्या अंगाला काचणारे कपडे मोकळे करण्यात गेलेली. काखेत काचतं? उसवा, जरा बाहेर घ्या. हात कशाला जोडायचे कोणाला! त्यांनी नखं घासायची कानस घेतली, कवळी पालथी केली आणि टोचत होतं तिथं घासली. टोचणं थांबलं. महिन्याभरानं डावीकडे लागलं. तिथं घासलं. मग कवळी हलायला लागली, तेव्हा कापसाचा बारीक थर देऊन बघितला. तो भिजून गोळा झाला. मग औषधाच्या दुकानातली चिकटवायची पेस्ट आली. आधी सकाळी एकदा, पुढे दुपारी पुन्हा, आता दिवसातून चार वेळा. रात्रीसुद्धा कवळी काढायच्या नाहीत, कारण बिनदातांचं तोंड छकूनं बघू नये असं वाटायचं. धुवायच्या ते कढत पाण्यानं, म्हणजे कशी लख्ख निघते.

आणि बोलायच्या कशा? टाचण्या तोंडात धरून बोलावं तशा. वरची पडू नये म्हणून जबडा आवळलेला, खालची उचलली जाऊ नये म्हणून जिभेनं दाबून धरलेली, ओठ जेमतेम उघडलेले. शेजारणींना ऐकू यायचं, त्यांचं काही अडत नव्हतं. छकूला मात्र त्या ओठांत वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रविवारी मुलगा आणि सून आले. सून कामाची, लक्ष असलेली. तिनं पिशवीतून एक पातळशी पाटी काढली. काडीनं लिहायचं, बटण दाबलं की पुसलं जातं.

"धाकट्या मावशींसाठी," ती म्हणाली. "आई, तुम्ही यावर लिहा, त्या वाचतील. तुम्हाला बोलायचा त्रास नको, त्यांना ताण नको."

छकूनं पाटी हातात घेऊन उलटीसुलटी केली, ‘छान’ असं लिहिलं, पुसलं, आणि मावशींकडे बघून म्हणाली, "बरं झालं, ताई. सोय झाली."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. छकूला हायसं वाटलं होतं.

पाहुणे गेल्यावर मावशींनी पाटी उचलली आणि चिंध्यांच्या खोक्यात अगदी तळाशी घातली.

"अगं, का?" छकू म्हणाली.

मावशींनी तिच्यासमोर बसून, जबडा होता होईल तेवढा सोडून, एकेक शब्द उच्चारला. "चिठ्ठ्या. पुन्हा. नकोत."

छकूनं डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. "चिठ्ठ्या," ती म्हणाली. पुढचं सुटलं असावं. पण पहिला शब्द पुरला. तिनं खोक्याकडे बघितलं आणि पाटी काढायला काही ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी कापडांचा गठ्ठा बाजूला सारला, मशीनवर आच्छादन घातलं आणि त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. दवाखाना सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, एकवीस पायऱ्या. मावशी त्या मधे न थांबता चढल्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी कवळ्या धुऊन उजेडात धरल्या, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा धरल्या.

"हे कोणी घासलं?"

"मी."

"कशानं?"

"नखांच्या कानशीनं."

"आणि ही वाकडी कशी झाली? गरम पाणी?"

मावशींनी मान डोलावली. बिनदातांच्या तोंडावर धरलेला रुमाल त्यांनी आणखी वर ओढला.

"मावशी, तुम्ही काय करता?"

"शिवते."

"मग मला सांगा, एखादीनं तुम्ही शिवलेला कोट घरी नेऊन त्यावर स्वतःच कात्री चालवली आणि वर तुमच्याकडे आणून टाकला, तर तुम्ही काय कराल?"

"पायरीवरनं परत पाठवीन," मावशी रुमालाआडून म्हणाल्या.

"मी पाठवत नाहीये, माझे उपकार माना. आ करा."

त्यांनी बोटानं हिरड्या चाचपल्या. दोन ठिकाणी मावशी खुर्चीतून उडाल्या.

"कवळी काही बदलली नव्हती, मावशी. तुमची हिरडी बदलली. दात गेले की खालचं हाड हळूहळू झिजतं, ते थांबत नाही. त्यामुळे कवळी सैल होते, एका बाजूला कलते आणि दुसऱ्या बाजूला टोचते. टोचतं तिथं दोष नसतो. तुम्ही नेमकं जिथं टेकू हवा तिथंच घासलंत. वर्षातून एकदा दाखवायला आला असतात, तर आतून नवीन अस्तर घालून भागलं असतं."

मावशी खजील झाल्या. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येऊन म्हणायची, मावशी, कापड आटलं हो. आणि चाळीस वर्षं त्या हसून टेप गळ्यातून काढायच्या आणि म्हणायच्या, कापड आहे तेवढंच आहे, तुमचं माप पुन्हा घेऊ या. कोणाला एका ठिकाणी काचलं तर त्या आधी खांद्याची शिवण बघायच्या, कारण दोष तिथं असायचा. हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनं स्वतःच्या तोंडात कानस चालवली होती.

"दोन्ही नव्या कराव्या लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा-सात खेपा. आणि आधी हिरड्यांवरची सूज उतरायला हवी. आठवडाभर या कवळ्या तोंडात घालायच्या नाहीत. माप सुजलेल्या हिरडीचं घेतलं तर आठ दिवसांत पुन्हा ढगळ."

"आठवडा?" मावशींनी रुमाल खाली केला. "माझी बहीण माझे ओठ वाचते. आठवडाभर मी तिच्याशी काय बोलू?"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच मावशींकडे नीट बघितलं. "ओठ वाचते? मग आधी का नाही सांगितलंत? मला तुमचा एखादा जुना फोटो हवा. स्वतःचे दात होते तेव्हाचा, हसतानाचा."

तसा फोटो नव्हता. मावशींचा पुढचा डावा दात जरा शेजारच्यावर चढलेला होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या ओठ मिटून उभ्या होत्या. पहिली कवळी करताना त्यांनी मुद्दाम बजावलं होतं, ‘सगळे एका रांगेत, बारीक आणि सरळ.’

घरी आल्यावर त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला नाही. स्वयंपाक रुमालासकट, शिवण रुमालासकट. संध्याकाळी छकूनं कात्री खाली ठेवली, उठली आणि लहान मुलाचं नाक पुसावं तशा सहजतेनं तो रुमाल ओढून घेतला.

ती बघत राहिली. मावशींचे गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली.

"अगदी आजी," छकू म्हणाली आणि खो खो हसली. "तपकीर देऊ?"

"गप बस!" मावशी कडाडल्या.

"‘गप बस,’" छकूनं लगेच म्हणून दाखवलं. मग तिचं हसू थांबलं. "ताई, पुन्हा बोल काहीतरी."

"काय बोलू? माझं डोकं?"

"‘काय बोलू.’ पुढचं नाही कळलं. पण हे कळलं." छकू स्टूल ओढून समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "आता निदान तोंड तरी उघडतेस. त्या पेस्टच्या दातांत तू दार लावून आतून बोलायचीस."

"मग सांगितलं का नाहीस?"

हा प्रश्न तिला दुसऱ्या खेपेला कळला. ती हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिली.

"तुला लाज वाटली असती," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी नवे दात आले तेव्हाही नाही सांगितलं. सहा महिने मला तुझं धड वाचता येत नव्हतं. तू आरशात बघून इतकी खूश होतीस. म्हटलं, होईल सवय. झाली."

मावशींना आठवलं. त्या सहा महिन्यांत छकू सारखी म्हणायची, डोळे दुखतात, चष्मा बदलायला हवा. चष्मा दोनदा बदलला होता.

तो आठवडा दोघींनी केळी कुस्करून आणि बटाटे घोटून काढला, आणि रोज संध्याकाळी स्टुलावर समोरासमोर बसून. अर्धं बोलणं कळायचं, अर्धं बुडायचं. बुडालेलं मावशी पुन्हा म्हणायच्या, पाच वेळा, दहा वेळा. शेजारीण पीठ मागायला आली आणि दारातून दृश्य बघून म्हणाली, "काय चाललंय?" मावशींची नजर दाराकडे वळलेली बघून छकूनं मान वळवली आणि म्हणाली, "ताईची शाळा." पाटी खोक्याच्या तळाशीच राहिली.

मापाच्या खेपा सुरू झाल्या. मावशींसारखी वाईट गिऱ्हाईक त्या दवाखान्यानं पाहिली नसेल. साच्यातला मऊ गोळा तोंडात असतानाच त्या हातवारे करून सूचना द्यायच्या.

"माप घेताना तुमचं गिऱ्हाईक हलतं का?" डॉक्टरीणबाई विचारायच्या.

मावशी मान हलवून नाही म्हणायच्या, आणि त्यापायी माप पुन्हा घ्यावं लागायचं.

पाचव्या खेपेला छकू बरोबर आली. त्या दिवशी दात मेणात बसवून बघायचे होते. म्हणजे कच्च्या टाक्यांचा कोट, मावशींनी छकूला समजावलं, आज म्हणशील ते उसवता येईल, नंतर नाही. डॉक्टरीणबाईंनी मेणाच्या कवळ्या तोंडात बसवल्या. "एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा. आवाज नीट येतो का बघू."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." शीळ नाही, खडखड नाही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मावशींनी आरशात बघितलं. दात मोत्यांसारखे एका रांगेत. त्याही खूश झाल्या.

छकू भिंतीला टेकून उभी होती. "हे ताईचं तोंड नाही," ती म्हणाली.

"फोटो असता तर मी बघितलं असतं," डॉक्टरीणबाई जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या. मग छकूसमोर येऊन पुन्हा, सावकाश म्हणाल्या.

"फोटो कशाला?" छकू म्हणाली. "मी आहे ना." ती खुर्चीपाशी आली आणि तिनं अंगठ्यानं मावशींचा वरचा ओठ किंचित पुढे ओढला. "इथपर्यंत यायचा. आणि ही हनुवटी अजून वर आलेली आहे, ती खाली असायची. ‘व’ म्हणताना ओठ या दाताला लागायचा. आणि हा दात," तिनं पुढच्या डाव्या दातावर नख ठेवलं, "असा शेजारच्यावर चढलेला होता. त्याच्यामुळे ताईचा ओठ डावीकडून आधी उचलला जायचा. मी तेच बघून शिकले."

खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दातांची उंची मी वाढवते, म्हणजे हनुवटी खाली जाईल, ओठही पुढे आणते, त्यांचं बरोबर आहे. पण दात वाकडा? लोक माझ्याकडे वाकडे सरळ करून घ्यायला येतात. विचार करा. पक्के झाल्यावर मला हलवता येणार नाहीत."

मावशींनी आरशाकडे बघितलं. आयुष्यभर रुमालाआड, ओठांआड लपवलेला तो दात. शाळेतल्या मुली त्यांना ‘वाकडदाती’ म्हणायच्या. सासरी पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणालं होतं, मुलगी चांगली आहे, फक्त हसवू नका. किती हौसेनं त्यांनी तो पहिल्या कवळीत सरळ करून घेतला होता.

"करा वाकडा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"गिऱ्हाइकानं सांगितलं की शिंप्यानं विचारू नये. चढवा शेजारच्यावर."

डॉक्टरीणबाईंनी छोटी सुरी ज्योतीवर धरली, मेण मऊ केलं आणि दात तसूभर सरकवला. छकूनं मान हलवली, अजून थोडा. पुन्हा सुरी, पुन्हा ज्योत. चार वेळा असं झालं. कवळ्या आत-बाहेर करून मावशींचा जबडा भरून आला, पण त्यांनी एकदाही आता पुरे म्हटलं नाही.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता परीक्षा. धाकट्या मावशी, तुम्ही तिकडे दारापाशी जा. आणि मावशी, तुम्ही आवाज न काढता बोला. मला कळता कामा नये."

छकू दारात जाऊन उभी राहिली. मावशींना काय बोलावं ते सुचेना. भांडी विसळतानाची ती दुपार आठवली, दारात हसत सुटलेली आई आठवली. मग त्यांनी जे रोज बोलत आल्या तसलंच काहीतरी, नुसत्या ओठांनी, जबडा सैल सोडून म्हटलं.

"निळा नको," छकू दारातून ओरडली. "निळ्याची दोन रिळं आहेत घरात. राखाडी घेऊ."

डॉक्टरीणबाईंनी मावशींकडे बघितलं. "काय विचारलं होतंत?"

"जाताना निळा दोरा घ्यायचा का," मावशी म्हणाल्या, आणि ओठ न मिटता हसल्या.

पक्क्या कवळ्या पुढच्या पंधरवड्यात आल्या. तिसऱ्या दिवशी खाली डावीकडे टोचायला लागलं. मावशींचा हात सवयीनं फळीकडे गेला, पण कानस तिथं नव्हती, ती छकूनं स्वतःच्या भरतकामाच्या डब्यात घालून त्याला कुलूप लावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दाखवायला येताना कवळ्या घालून या, म्हणजे कुठं घासलं जातंय ते मला दिसेल. मावशी तशाच, तोंड कसंनुसं करत एकवीस पायऱ्या चढल्या. दोन मिनिटांचं काम होतं. आठवड्यानं पुन्हा चढल्या. मग टोचणं थांबलं.

आता रात्री कवळ्या झाकणाच्या वाडग्यात, साध्या पाण्यात असतात. हिरड्यांना तेवढीच विश्रांती. कपाटाच्या दारावर, त्याच जुन्या आरशाशेजारी, मावशींनी शिवणाच्या खडूनं पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख लिहून ठेवली आहे. टोचो अगर न टोचो, त्या तारखेला जायचं.

आणि परवा शाळेचे कोट पुन्हा आले, या वेळी अठरा.

"बटणं तू लाव," मावशी म्हणाल्या. "मागच्या वेळी बाराही कोटांची मीच लावली."

"मला कुठं कळलं होतं?"

"आता कळतंय ना? मग घे. आणि काजंही तूच कर. आणि माझी कानस दे, मला नखं घासायची आहेत."

"नखं कापायला कात्री आहे."

"छकू, मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. मी सांगते ते..."

छकूनं मांडी घातली, नाकपुड्या फुगवल्या आणि घट्ट डोळे मिटून घेतले.

मावशी बोलायच्या थांबल्या. त्यांनी एक कोट ओढला, सुईत राखाडी दोरा ओवला आणि बहिणीच्या त्या हट्टी, मिटलेल्या चेहऱ्याकडे समाधानानं बघत पहिलं बटण लावायला घेतलं.